अर्ध्या व्होल्टची किंमत

मार्च २०२५च्या अखेरीस भारताची पवनविजेची स्थापित क्षमता ५० गिगावॅटच्या पुढे गेली. महाराष्ट्राचा त्यातला वाटा पाच हजार मेगावॅटहून अधिक आहे. साताऱ्यातील वनकुसवडे-चाळकेवाडीचे पठार किंवा धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल इथल्या उंच पवनचक्क्या आता तिथल्या डोंगरांची ओळख झाल्या आहेत. या चक्क्यांची वीज थेट ग्रीडमध्ये जाते, त्यामुळे तिथे घरगुती बॅटरीचा प्रश्न येत नाही. पण वाऱ्याच्या विजेचा दुसरा, लहान संसारही आहे. गावापासून दूर असलेले शेतघर, डोंगरावरची शाळा, किनाऱ्यावरचे छोटे पर्यटक निवास यांच्या आवारात अर्धा ते पाच किलोवॅटची चक्की, जोडीला सौर पॅनेल आणि आत खोलीत बॅटऱ्या, अशी ही मांडणी असते. केंद्र सरकारने अशा लहान पवन-सौर संयंत्रांसाठी अनेक वर्षे अनुदान दिले आणि त्या योजनेत महाराष्ट्र आघाडीवर राहिला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू झाल्यापासून छपरावरील सौरविजेची चर्चा घरोघरी पोहोचली आहे. तिच्याबरोबर एक स्वाभाविक प्रश्नही पुढे येतो. पावसाळ्यात ऊन नसते, पण वारा असतो. मग सौर पॅनेलच्या जोडीला छोटी पवनचक्की का नको? प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रात वाऱ्याचा खरा हंगाम नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे साधारण मेअखेरीपासून सप्टेंबरपर्यंतचा. सौरवीज घटते तेव्हाच पवनवीज वाढते, त्यामुळे ही जोडी कागदावर उत्तम जमते.

प्रत्यक्षात अडते ते बॅटरीपाशी. चक्की किती वॅटची, पाती किती लांब, मनोरा किती उंच यावर खरेदीच्या वेळी भरपूर चर्चा होते. बॅटरी किती व्होल्टला भरायची, हा प्रश्न मात्र बसवणाऱ्यावर सोडला जातो. संयंत्र सहा वर्षे चालणार की दोन वर्षांत बॅटऱ्या बदलाव्या लागणार, हे बरेचदा याच आकड्यावर ठरते. फरक असतो जेमतेम अर्ध्या व्होल्टचा.

बारा व्होल्टची बॅटरी बाराला भरत नाही

घरातल्या इन्व्हर्टरला लागते ती ‘१२ व्होल्टची’ शिसे-आम्ल बॅटरी म्हणजे एकापुढे एक जोडलेले सहा सेल. प्रत्येक सेलचा दाब साधारण दोन व्होल्ट, म्हणून नाव १२ व्होल्ट. पूर्ण भरलेली आणि काही तास स्वस्थ ठेवलेली बॅटरी मल्टिमीटरवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२च्या आसपास आली की ती निम्मी रिकामी झालेली असते. त्याखाली तिला रोज नेले, तर आयुष्य झपाट्याने कमी होते.

भरताना मात्र यापेक्षा जास्त दाब लागतो. पाणी वरच्या टाकीत चढवायचे तर पंपाचा जोर टाकीच्या उंचीपेक्षा अधिक हवा, तसेच हे आहे. पाणी घालाव्या लागणाऱ्या साध्या शिसे-आम्ल बॅटरीला २५ अंश सेल्सिअसला साधारण १४.४ ते १४.८ व्होल्ट लागतात. जेल प्रकारच्या बंद बॅटरीला १४.१ ते १४.२ पुरतात. बॅटरी पूर्ण भरल्यावर तिला नुसती भरलेली ठेवण्यासाठी १३.५ ते १३.८ व्होल्ट पुरेसे असतात. नेमका आकडा बॅटरीच्या माहितीपत्रकात छापलेला असतो, आणि अंतिम शब्द त्याचाच.

दाब कमी ठेवला, समजा कायम १३.८, तर बॅटरी ८०-८५ टक्क्यांपर्यंत भरते आणि मग रेंगाळते. उरलेला भाग भरायला इतका वेळ लागतो की तोवर वारा पडतो किंवा संध्याकाळी दिवे लागतात. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक धरतात. सुरुवातीला ते मऊ असतात आणि पुढच्या पूर्ण चार्जिंगमध्ये विरघळतात. आठवडेच्या आठवडे तसेच राहिले तर ते कठीण होतात आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. यालाच सल्फेशन म्हणतात. मालकाला फक्त एवढेच कळते की पूर्वी रात्रभर चालणारा पंखा आता दोन तासांत बंद पडतो.

दाब जास्त ठेवला, समजा कायम १४.९, तर उलटे नुकसान होते. प्रत्येक सेलमागे दाब साधारण २.४ व्होल्टच्या वर गेला की आतल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन वेगाने सुरू होते. पाणी घटते, पट्ट्या उघड्या पडतात, धनपट्टी गंजते. बंद खोलीत साठणारा हायड्रोजन आणखी धोकादायक असतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की स्विचची एक ठिणगी स्फोटाला पुरते. त्यामुळे बॅटऱ्या झोपण्याच्या खोलीत किंवा देवघराच्या खाली ठेवू नयेत; त्यांच्या खोलीला छताजवळ हवा बाहेर जायला वाट हवी, कारण हायड्रोजन हलका असतो आणि वर जाऊन साठतो.

म्हणजे कमी दाबाने बॅटरी उपाशी राहते आणि जास्त दाबाने आतून सुकते. दोहोंचा सुवर्णमध्य अर्ध्या व्होल्टच्या पट्ट्यात असतो.

वारा घड्याळ पाहून वाहत नाही

महावितरणच्या विजेवर चालणारा चार्जर हा तोल सहज सांभाळतो. आधी भरपूर प्रवाह देऊन बॅटरी १४.४पर्यंत न्यायची, मग त्याच दाबावर दोन-चार तास धरून ठेवायची आणि शेवटी १३.६च्या आसपास उतरायचे, अशा तीन टप्प्यांत तो काम करतो. वाऱ्याचे तसे नाही. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दर सेकंदाला ४ मीटरवरून ८ मीटर झाला की शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. अडीच मीटर व्यासाची चांगली चक्की ४ मीटर वेगाला जेमतेम ५० वॅट देईल आणि ८ मीटर वेगाला ४०० वॅटच्या जवळ जाईल. झोत येतो, सरतो, पुन्हा येतो. बॅटरीला हवे असलेले दोन-चार तासांचे स्थिर दाबाचे चार्जिंग वारा एकट्याने क्वचितच पुरे करतो.

इथे एक चूक वारंवार होते. सौर पॅनेलसाठी असलेला साधा कंट्रोलर पवनचक्कीला जोडला जातो. सौर कंट्रोलर बॅटरी भरली की पॅनेल तोडतो. पॅनेलला त्याचा त्रास नसतो. ते उन्हात नुसते पडून राहते. चक्कीचे तसे नाही. बॅटरीत जाणारा प्रवाह हाच चक्कीचा ब्रेक असतो. भार अचानक तुटला की पाती मोकाट सुटतात, फेऱ्या वाढतात आणि जनित्राचा दाबही त्याच प्रमाणात चढतो. चुंबकी जनित्र मिनिटाला १६० फेऱ्यांना १३ व्होल्ट देत असेल, तर भाराविना ३२० फेऱ्यांना २६ व्होल्ट देते, आणि वादळात त्याहूनही कितीतरी अधिक. त्यात आधी कंट्रोलर जळतो, आणि पाती तुटून उडाली तर जीवावर बेतते.

म्हणून पवनचक्कीला वेगळ्या पद्धतीचा कंट्रोलर लागतो. बॅटरीने ठरलेला दाब गाठला की तो चक्की तोडत नाही. जादा वीज दुसरीकडे, म्हणजे तापणाऱ्या तारेच्या रोधकात किंवा पाणी तापवणाऱ्या हीटरमध्ये वळवतो. याला डंप लोड म्हणतात. त्याची क्षमता चक्कीच्या कमाल प्रवाहापेक्षा किमान पाव पट अधिक ठेवतात. शिवाय चक्की हाताने थांबवण्यासाठी जनित्राच्या तिन्ही तारा एकत्र जोडणारा ब्रेक-स्विच हवा. तो वादळात नव्हे, वादळाआधी वापरायचा असतो.

संकरित संयंत्रात सौर पॅनेलचा खरा उपयोगही इथेच दिसतो. रात्रभर वाऱ्याने बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत आणली, तर सकाळचे ऊन उरलेले काम संथपणे पूर्ण करते. वारा घाऊक माल आणतो आणि ऊन शेवटचा हात फिरवते. दोघांचे कंट्रोलर एकाच दाबावर लावलेले नसले तर मात्र ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. एक १३.८ला थांबला आणि दुसरा १४.४ला, तर चक्कीचा कंट्रोलर सौरवीजही डंप लोडमध्ये जाळून टाकतो. हा दोष मीटरवर दिसत नाही. डंप लोड दुपारी विनाकारण गरम लागतो, एवढाच त्याचा पुरावा असतो.

१२, २४ की ४८?

दुसरा निर्णय संपूर्ण संयंत्राच्या दाबाचा. हा प्रश्न पवनविजेइतकाच जुना आहे. स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ यांनी १८८७ मध्ये वाऱ्याच्या विजेने बॅटऱ्या भरून आपल्या सुट्टीतल्या घरात दिवे लावले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत क्लीव्हलँड इथे चार्ल्स ब्रश यांनी आपल्या बंगल्याच्या मागे प्रचंड चक्की उभारून तळघरातल्या बॅटऱ्यांत वीज साठवली. १९३०च्या दशकात अमेरिकेतील दूरच्या शेतांवर रेडिओसाठी ६ व्होल्टच्या छोट्या चक्क्या असत, तर घर आणि गोठा उजळण्यासाठी ३२ व्होल्टची संयंत्रे. बत्तीस म्हणजे दोन व्होल्टचे सोळा सेल. केवळ रेडिओला ६ चालत होते. घरभर तारा न्यायच्या म्हटल्यावर दाब वाढवावाच लागला.

कारण तारेतल्या नुकसानीत आहे. घरांची आणि झाडांची आडकाठी नसलेला वारा मिळवायचा, तर चक्की दीडशे मीटरच्या परिसरातल्या सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा किमान नऊ मीटर वर हवी. म्हणजे मनोरा उंच, घरापासून दूर आणि तार लांब. समजा चक्की ५०० वॅट देते, बॅटरीपर्यंतचे अंतर ३० मीटर आहे आणि तांब्याची तार १० चौरस मिलिमीटरची आहे. १२ व्होल्टच्या संयंत्रात या तारेतून ४२ अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो आणि सुमारे १९० वॅट तारेतच उष्णता होऊन जातात, म्हणजे जवळजवळ ४० टक्के. २४ व्होल्टला प्रवाह निम्मा होतो आणि नुकसान ४८ वॅटपर्यंत उतरते. ४८ व्होल्टला ते जेमतेम १२ वॅट उरते. दाब चौपट केला की नुकसान सोळापट घटते, कारण ते प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते. १२ व्होल्टवरच अडून राहायचे तर मनगटाएवढी तांब्याची तार घ्यावी लागेल, आणि तिची किंमत चक्कीशी स्पर्धा करू लागेल.

साधारण आडाखा असा सांगता येतो: चक्की बॅटरीच्या अगदी जवळ आणि दोन-चार दिव्यांपुरती असेल तर १२ व्होल्ट, एका घराला २४, एक किलोवॅटच्या पुढे किंवा लांब अंतर असेल तर ४८. ४८ व्होल्टची बँक भरताना दाब ५८च्या आसपास जातो. याहून वर गेल्यास एकदिश विजेचा धक्का आणि स्विचमधली ठिणगी या दोहोंचा धोका वाढतो, म्हणून घरगुती संयंत्रे सहसा इथेच थांबतात.

चक्की आणि बॅटरी एकमेकांना साजेशी असणेही गरजेचे आहे. १२ व्होल्टसाठी गुंडाळलेले जनित्र २४ व्होल्टच्या बँकेला जोडले, तर चार्जिंग सुरू व्हायलाच दुप्पट फेऱ्या लागतात आणि मंद वारा फुकट जातो. २४चे जनित्र १२ला जोडले तर चक्की लवकर पकडते, पण बॅटरी तिला कमी फेऱ्यांवर जखडून ठेवते. जोराच्या वाऱ्यात पाती नीट फिरू शकत नाहीत आणि वीज वाढत नाही. बॅटरीची क्षमताही जुळायला हवी. १५० अँपिअर-अवरच्या एकाच बॅटरीवर ५०० वॅटची चक्की लादली, तर ३५ अँपिअरहून अधिक प्रवाह तिच्यात कोंबला जातो. त्याच दोन बॅटऱ्या २४ व्होल्टला जोडल्या, तर तो १८च्या आसपास येतो आणि त्यांना सोसवतो.

उन्हाळ्याचा आकडा वेगळा

माहितीपत्रकातले आकडे बहुधा २५ अंशांचे असतात. धुळ्याचा मे महिना त्या आकड्यांना जुमानत नाही. तापमान वाढले की बॅटरी कमी दाबाला भरते. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी दर अंशामागे सुमारे २४ मिलिव्होल्टचा फरक धरला, तर ४० अंशांना १४.४चा आकडा १४.०५च्या आसपास आणावा लागतो. हिवाळ्यात १० अंशांना तोच १४.७५पर्यंत जातो. म्हणजे एकच आकडा वर्षभर ठेवला, तर बॅटरी उन्हाळ्यात सुकते आणि हिवाळ्यात उपाशी राहते. चांगल्या कंट्रोलरला तापमान मोजणारी एक छोटी तार असते. ती बॅटरीच्या अंगाला चिकटवायची असते. बऱ्याच ठिकाणी ती खोक्यातच राहते. पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या बॅटरीला तर दुहेरी मार बसतो, कारण दर दहा अंश वाढीमागे तिचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्यांनी यातले काही प्रश्न सोडवले आहेत. त्यांना अर्धवट भरलेले राहण्याचा त्रास नाही, त्यामुळे लहरी वाऱ्याशी त्यांचे चांगले जमते. चार सेलच्या बॅटरीला १४.२ ते १४.६ व्होल्ट पुरतात. पण त्यांच्या आत सुरक्षेसाठी बसवलेले सर्किट गरज पडली की बॅटरी एका क्षणात तोडते, आणि चक्की पुन्हा मोकाट सुटते. त्यामुळे लिथियमबरोबर डंप लोड नको, हा समज चुकीचा आहे. उलट तो अधिक भरवशाचा हवा आणि त्याचा दाब सुरक्षा-सर्किटच्या मर्यादेपेक्षा थोडा खाली लावलेला हवा.

मेलेली बॅटरी जाते कुठे?

हा प्रश्न केवळ घरमालकाच्या खिशाचा नाही. शिसे-आम्ल बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा शिशाचा असतो. ती अकाली मेली की बरेचदा भंगारवाल्यामार्फत एखाद्या उघड्यावरच्या भट्टीत पोहोचते. तिथे आम्ल जमिनीत ओतले जाते आणि शिसे वितळवताना उठणारा धूर व धूळ आसपासच्या घरांत, अंगणात, मुलांच्या हातांवर बसते. ‘युनिसेफ’ आणि ‘प्युअर अर्थ’ यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे, आणि त्यातली सुमारे २७.५ कोटी भारतातील आहेत. शिसे-आम्ल बॅटऱ्यांचे असुरक्षित पुनर्चक्रण हे त्यामागचे एक मोठे कारण असल्याचे हा अहवाल सांगतो. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होणारा त्याचा परिणाम भरून येत नाही.

सहा वर्षे टिकू शकणारी बॅटरी दोन वर्षांत मेली, तर तेवढ्याच विजेसाठी तिप्पट शिसे या साखळीतून फिरते. स्वच्छ ऊर्जेच्या नावाखाली हा हिशेब नजरेआड होता कामा नये. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची आणि त्यांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ग्राहकानेही ती अधिकृत संकलनातच द्यायची आहे. दुर्गम वाडीवर मात्र अधिकृत संकलक येण्याआधी भंगारवाला येतो.

आरोग्य क्षेत्राने हा धडा आधीच घेतला आहे. लस २ ते ८ अंशांत ठेवणारे सौर फ्रीज अनेक देशांत विजेविना असलेल्या दवाखान्यांत बसवले गेले, पण त्यांच्या बॅटऱ्या काही वर्षांतच बंद पडू लागल्या. त्यातून बॅटरीच नसलेले, उन्हाची वीज थेट वापरून थंडावा साठवणारे फ्रीज पुढे आले. शक्य तिथे बॅटरीला पर्याय शोधणे आणि शक्य नाही तिथे तिची नीट काळजी घेणे, असे त्याचे सार आहे. पवनविजेलाही ते लागू पडते. पाणी उपसून टाकी भरणे किंवा पाणी तापवणे ही कामे वारा असताना थेट करून घेतली, तर बॅटरीवरचा भार तेवढा हलका होतो.

निविदेत काय हवे

शाळा, ग्रामपंचायत किंवा आश्रमशाळेसाठी असे संयंत्र घेताना निविदेत फक्त किलोवॅटचा आकडा असून चालणार नाही. बॅटरीचा प्रकार आणि त्यानुसार चार्जिंगचे दाब, तापमानाचा सेन्सर, डंप लोडची क्षमता, तारेची जाडी आणि तिच्यातली कमाल घट या गोष्टी लेखी असायला हव्यात. बसवून झाल्यावर वायरमनने हे आकडे कंट्रोलरजवळच्या भिंतीवर मराठीत लिहून ठेवावेत. आठवड्यातून एकदा, सकाळी दिवे-पंखे बंद असताना, बॅटरीचा दाब वहीत टिपायला मल्टिमीटर आणि दोन मिनिटे पुरतात. १२.४च्या खाली सलग दोन-तीन नोंदी आल्या, तर कुठेतरी चार्जिंग कमी पडते आहे. महिन्याला दोनदा डिस्टिल्ड पाणी घालावे लागत असेल, तर दाब जास्त आहे. साध्या बॅटऱ्यांना महिन्यातून एकदा काही तास १५ ते १५.५ व्होल्टने जाणीवपूर्वक उकळी देतात, त्यामुळे तळाशी बसलेले दाट आम्ल मिसळते. जेल आणि लिथियम बॅटऱ्यांना मात्र ती चुकूनही देऊ नये.

ऑक्टोबरात वारा पडतो तेव्हा खरी परीक्षा असते. चार महिने चक्कीवर विसंबलेले घर तेवढीच वीज वापरत राहते, भरणे कमी होते आणि दिवाळीपर्यंत बॅटरी अर्धपोटी राहू लागते. त्या आठवड्यात वापर थोडा आवरला आणि कंट्रोलरवरचा आकडा एकदा तपासला, तर पुढच्या जूनमध्ये वारा परत येईल तेव्हा त्याची वीज साठवायला बॅटरी शाबूत असेल.